ठाण्याच्या आजी आणि आशदोदचं घर : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मी मूळची पनवेलची. लग्नानंतर इस्राएलला आले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. महाराष्ट्रातून नव्याने येणाऱ्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी, कुटुंबांबरोबर कचेऱ्यांत, बँकेत, दवाखान्यात जायचं, कागद वाचून दाखवायचे, हिब्रूचं मराठी आणि मराठीचं हिब्रू करायचं, हे काम मी नोकरी सांभाळून करते. खाली लिहिलेलं प्रकरण त्यातलंच आहे. कुटुंबाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नावं कुणाचीच देत नाही.

कुटुंब ठाण्याचं. आजी त्या वेळी एकाहत्तर वर्षांच्या. मुलगा बेचाळीसचा, विजेच्या कामातला तंत्रज्ञ. सून एका पतपेढीत कारकून होती. नातू चौदाचा, नात नऊची. आजींचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. (मी त्यांना मावशी म्हणते. इथे सगळ्यांना कळावं म्हणून आजी लिहिते.)

ठाण्यातलं आजींचं आयुष्य नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. टेंभी नाक्याजवळचं शाअर हाशामाईम हे १८७९ सालचं सिनेगॉग, यहुद्यांचं प्रार्थनास्थळ, त्यांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. जुनी बेने इस्राएल माणसं त्याला अजून ‘मशीद’ म्हणतात, आजीही म्हणतात. शनिवारी प्रार्थना झाली की हात बोशी करायची, म्हणजे समोरच्याच्या हाताला हात लावून आपली बोटं ओठांना लावायची, आणि मग अंगणात अर्धा तास गप्पा. मंडईत भाजीवालीशी वीस वर्षांची ओळख. औषधांचं दुकान घराखाली, तिथला मुलगा ‘आजी, तुमची पांढरी गोळी संपली असेल’ असं आपणहून सांगणारा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मालिदा. आपल्याकडे नवस फेडताना, लग्नाआधी, बारशाला, घर घेतल्यावर एलियाहू हानाबीच्या, एलिया प्रेषिताच्या, नावाने मालिदा करतात. पोहे भिजवून त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा घालायचा, भोवती फळं मांडायची, आणि सगळ्यांनी मिळून प्रार्थना म्हणायची. पोहे किती वेळ भिजवायचे याचं गणित चुकलं तर एक तर गोळा होतो, नाही तर दातात येतात. ठाण्यात कुणाकडेही मालिदा असला की पोह्यांना हात लावायला आजींना बोलावणं यायचं. हे मला फार उशिरा कळलं. आधी कळलं असतं तर बरेच महिने वाचले असते.

आलिया करायचा, म्हणजे इस्राएलला कायमचं यायचं, हा निर्णय मुलाचा आणि सुनेचा. सुनेचा भाऊ आधीच इथे होता. आजींनी विरोध केला नाही. ‘पोरं जातील तिथे मी’ एवढंच म्हणाल्या, आणि तो होकार समजला गेला. ठाण्याचा फ्लॅट विकला नाही, अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने दिला.

इथे आल्यावर पहिले महिने सरकारकडून ‘साल क्लिता’, म्हणजे नव्याने आलेल्यांसाठीची आर्थिक मदत, मिळतो. विमानतळावर एक हप्ता आणि पुढे सहा महिने दरमहा. त्यावर घरभाडं आणि किराणा भागवायचा आणि त्याच काळात उलपानला, हिब्रूच्या वर्गाला जायचं. आठवड्याचे पाच दिवस, पाच महिने. सुनेच्या भावाने देशाच्या मध्यभागातल्या एका मोठ्या शहरात, तेल अवीवपासून फार लांब नाही अशा ठिकाणी, तिसऱ्या मजल्यावरची जागा पाहून ठेवली होती. कामं तिथे जास्त मिळतात, हा त्याचा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता. पण त्या शहरात आजींच्या घराच्या आसपास मराठी बोलणारं एकही दार नव्हतं.

अडचण कशी वाढत गेली

पहिले दोन महिने सगळे एकत्र होते, धावपळ होती, आजीही हसतखेळत होत्या. तिसऱ्या महिन्यापासून घर सकाळी साडेसातला रिकामं व्हायला लागलं. मुलं शाळेत, मुलगा-सून उलपानला. दुपारनंतर मुलाने एका गोदामात पाळीचं काम धरलं. सुनेला मिळालेलं काम होतं ‘मेतापेलेत’चं, एका इस्राएली म्हातारीच्या घरी जाऊन तिची देखभाल करायची. इथे नव्याने आलेल्या कितीतरी बायका याच कामापासून सुरुवात करतात. प्रामाणिक काम आहे. पण ती मला एकदा बसस्टॉपवर म्हणाली, ‘ताई, मी त्यांना आंघोळ घालते, सूप भरवते, गप्पा मारते. आणि माझ्या घरी आई दिवसभर खिडकीशी.’ हे बोलताना तिचे डोळे भरून आले होते. मी तेव्हा तिला ‘होईल सवय’ असं म्हणाले. आज ते वाक्य मला परत घ्यावंसं वाटतं.

आजींनी बाहेर जाणं हळूहळू सोडलं. कोपऱ्यावरच्या मकोलेतमध्ये, वाण्याच्या दुकानात, एकदा दही आणायला गेल्या आणि आंबट मलईचा डबा घेऊन आल्या. सगळे हसले, त्याही हसल्या, पण पुन्हा गेल्या नाहीत. जिना उतरायचा तर गुडघे दुखतात, हे कारण त्या सांगायच्या. ठाण्यातही त्या तिसऱ्याच मजल्यावर राहत होत्या आणि तिथेही लिफ्ट नव्हती. ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही.

शाब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनचा विश्रांतीचा पवित्र दिवस, जो त्यांचा आवडता, तोच सगळ्यात कठीण झाला. शुक्रवारी दुपारपासून शनिवारी रात्रीपर्यंत बस बंद. जवळच्या सिनेगॉगमध्ये चाली वेगळ्या. बायकांच्या बाजूला बसून आजी पुस्तकातलं पान शोधत राहायच्या आणि सापडेपर्यंत प्रार्थना पुढे गेलेली असायची. अक्षरं त्यांना ओळखता येतात, लहानपणी शिकल्या होत्या, पण त्या ऐकून म्हणणाऱ्या. एकदा शेजारच्या बाईने सहज विचारलं, ‘तुम्ही भारतातल्या? म्हणजे तुम्ही खऱ्या यहुदी आहात का?’ नातवाने भाषांतर केलं, कारण त्याला त्यातली धार कळली नाही. आजींना कळली. १९६२ साली इथल्या मुख्य रब्बीनेटने, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या सर्वोच्च संस्थेने, बेने इस्राएलांच्या लग्नांच्या बाबतीत मागच्या पिढ्यांची चौकशी करण्याच्या सूचना काढल्या होत्या. १९६४ मध्ये आपल्या माणसांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं आणि क्नेसेटला, म्हणजे संसदेला, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत असा ठराव करावा लागला. आजी तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या होत्या. घरात मोठी माणसं काय बोलायची ते त्यांना आठवत होतं. सत्तरी ओलांडल्यावर तोच प्रश्न समोरून यावा, याचं त्यांना किती लागलं ते त्यांनी मला वर्षभराने सांगितलं. त्या शनिवारनंतर त्या सिनेगॉगला गेल्या नाहीत. घरीच तेलाचा दिवा लावायच्या आणि काळ्या मनुकांच्या सरबतावर किद्दुश, शाब्बाथची आशीर्वादाची प्रार्थना, करायच्या, जसं ठाण्यात करायच्या.

पाचव्या महिन्यात आजी न्हाणीघरात पडल्या.

कारण साधं होतं. रक्तदाबासाठी त्या अॅम्लोडिपिनची गोळी घेत होत्या. येताना सहा महिन्यांचा साठा आणला होता. इथल्या कुपात खोलिमच्या, आरोग्य निधीच्या, डॉक्टरांनी तीच गोळी लिहून दिली. ती वेगळ्या नावाच्या, वेगळ्या रंगाच्या खोक्यात आली, वरची चिठ्ठी हिब्रूत. आजींनी गोळ्या कायम रंगावरून आणि पट्टीवरून ओळखल्या होत्या. ही नवीन गोळी ‘इथल्या डॉक्टरांनी वाढवून दिलेली’ असं समजून त्या दोन्ही घेत राहिल्या. पावलं सुजली, चक्कर यायला लागली. कुणाला बोलल्या नाहीत, कारण घरात आधीच सगळे दमलेले.

पडल्या तेव्हा घरात एकट्या होत्या. रुग्णवाहिकेसाठी १०१ फिरवायचा हे त्यांना माहीत नव्हतं, माहीत असतं तरी काय बोलणार होत्या? दीड तासाने नातू शाळेतून आला.

रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात त्या चौदा वर्षांच्या मुलाने भाषांतर केलं. डॉक्टरांनी विचारलं, लघवीला त्रास होतो का, किती वेळा, कधी ताबा सुटतो का. नातवाने लाल होऊन मराठीत विचारलं. आजी म्हणाल्या, ‘काही नाही, सांग काही नाही म्हणून.’ त्रास होता. नातवासमोर त्या बोलणार नव्हत्या. मनगटाचं हाड मोडलं नव्हतं, गोळ्यांचा गोंधळ खोकी बघून डॉक्टरांच्या लक्षात आला, दोन दिवसांनी घरी सोडलं. पण तो मुलगा त्या महिन्यात पुढच्या तपासण्यांसाठी चार दिवस शाळेला गेला नाही. सूनबाईने मला फोन केला तो तेव्हा.

कोणते पर्याय होते

त्या रविवारी रात्री आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. मुलगा, सून, सुनेचा भाऊ आणि मी. आजी पलीकडच्या खोलीत होत्या, दार लोटलेलं. आम्ही हळू आवाजात बोलत होतो.

पहिला पर्याय, आजींना ठाण्याला परत पाठवायचं. तिथे त्यांची धाकटी बहीण होती. सुनेच्या भावाचा याला जोर होता. असं कुणी केलंच नाही असंही नाही. अगदी सुरुवातीच्या काळात, १९५१-५२ मध्ये, इथे आलेल्या काही बेने इस्राएल कुटुंबांनी आम्हाला भारतात परत न्या म्हणून धरणं धरलं होतं आणि १९५२ मध्ये काही जण खरोखर परत गेले. त्यांतले बरेचसे पुढे पुन्हा इथे आले, हेही तितकंच खरं. आजींच्या बाबतीत अडचणी वेगळ्या होत्या. इस्राएलचं नागरिकत्व घेतल्यावर भारताचं राहत नाही. भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं कार्ड, काढावं लागतं, ते अजून काढलं नव्हतं. फ्लॅटमध्ये भाडेकरू होता. बहीण स्वतः अडुसष्टची. आणि इथला म्हातारपणाचा भत्ता बराच काळ देशाबाहेर राहिलं की थांबतो.

दुसरा, सुनेने काम सोडून घरी राहायचं.

तिसरा, आहे तिथेच राहून आजींसाठी वृद्धांचा मोआदोन, म्हणजे क्लब, शोधायचा. पालिकेचा एक क्लब वीस मिनिटांवर होता. मी जाऊन बघून आले. जागा स्वच्छ, बाई प्रेमळ, पण येणाऱ्या बहुतेक आजीआजोबांची भाषा रशियन. तिथे आजी खिडकीपाशीच बसल्या असत्या, फक्त खिडकी दुसरी.

चौथा, सगळ्यांनी दक्षिणेला सरकायचं, जिथे आपली माणसं आहेत. दिमोना, बीर शेवा, आशदोद, किंवा मध्यभागातच लोद आणि रामला. दिमोनात तर रस्त्यावर मराठी कानावर पडते. तिथल्या कापड गिरण्यांत आपल्या एका अख्ख्या पिढीने काम केलं, दुकानात पोहे, नारळ, तुरीची डाळ, कोकम सगळं मिळतं. पण दिमोना नेगेवच्या वाळवंटात, बीर शेवाच्याही पुढे पस्तीस किलोमीटर. मुलाला विजेच्या कामाचं इथलं लायसन्स काढायचं होतं, त्यासाठीची शिकवणी आणि पुढची नोकरी दोन्ही मध्यभागात. शिवाय मुलांची शाळा नुकतीच रुळायला लागलेली.

पाचवा पर्याय माझाच होता. दूरच्या नात्यातल्या एका चुलत जावेकडे, दिमोनाला, आजींना काही महिने एकटं ठेवायचं. मी तो मांडला आणि मुलाच्या चेहऱ्याकडे बघून मागे घेतला. आईला घेऊन आलो आणि दुसऱ्याच्या दारात ठेवली, हे त्याला सहन होणार नव्हतं.

पहिला निर्णय आणि तो का टिकला नाही

दुसरा पर्याय निवडला गेला. सुनेने काम सोडलं. त्या रात्री तो सगळ्यांत कमी उलथापालथीचा वाटला, म्हणून. घर बदलायचं नाही, शाळा बदलायची नाही, विमानाचं तिकीट नाही. आता वाटतं, आम्ही ‘आजींना काय हवं’ यापेक्षा ‘आपल्याला काय हलवावं लागणार नाही’ हे बघून निवडलं.

दोन महिन्यांत तो निर्णय मोडला. साल क्लिताचे हप्ते संपले होते. एकाच्या गोदामाच्या पगारात भाडं गेल्यावर हातात फारसं काही उरत नव्हतं. सुनेचं हिब्रू कामावर भराभर सुधारत होतं, ते थांबलं. आणि आजींना तर हे आणखी जड झालं. आपल्यामुळे सुनेची नोकरी गेली ही बोच घेऊन त्या दिवसभर तिच्यासमोर बसायच्या. सून काही करायला उठली की ‘मी करते’ म्हणायच्या, ती ‘आई, तुम्ही बसा’ म्हणायची. दोघी एकमेकींशी इतक्या जपून वागायला लागल्या की घरात बोलणंच कमी झालं. आजी जेवण अर्धं ठेवायला लागल्या.

मी एका मंगळवारी गेले ती सून बाजारात गेलेली असताना. सोबत मायबोलीचा अंक नेला होता. आपल्या लोकांनी इस्राएलमध्ये चालवलेलं हे मराठी नियतकालिक, माझ्या घरी जुने अंक साठवलेले असतात. आजींनी अंक उलटा-सुलटा करून पाहिला आणि मालिद्याच्या एका कार्यक्रमाच्या फोटोवर थांबल्या. बराच वेळ पाहून म्हणाल्या, ‘पोहे पाणी सोडतायत बघ. लवकर भिजवलेत.’

मी विचारलं, ‘मावशी, तुम्हाला परत ठाण्याला जायचंय का?’ सात महिन्यांत हा प्रश्न त्यांना पहिल्यांदा विचारला जात होता. आधी आम्ही चौघांनी तो आपसातच चर्चिला होता.

त्या म्हणाल्या, ‘जाऊन काय करू? तिथे आता मशिदीत प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायला फोन करावे लागतात. पोरं इथे. मला परत नाही जायचं.’ मग थोडं थांबून, ‘पण इथे मला कुणी कशाला बोलावतच नाही गं. नुसतं विचारतात, आजी बऱ्या आहात ना. बरी आहे म्हणायचं आणि बसायचं. माझ्या हाताला काही काम आहे का?’

त्या दिवशी मला कळलं की आम्ही सगळे एकटेपणावर औषध शोधत होतो, आणि त्यांचं दुखणं थोडं निराळं होतं. त्यांना सोबत होती. सून दिवसभर घरात होती. ज्या गोष्टीत त्यांचा शब्द चालायचा ती गोष्ट मागे ठाण्यात राहिली होती.

दुसऱ्यांदा काय केलं

या वेळी बैठक आजींच्या खोलीत झाली, त्यांच्या पलंगावर. पर्याय पुन्हा तेच, पण आजींनी त्यांतले दोन आपणहून बाद केले. ठाणे नाही. दिमोना नाही, ‘पोराला रोज इतकं लांब जायला नको.’ राहिलं आशदोद. समुद्रकाठचं मोठं शहर, बेने इस्राएलांची वस्ती जुनी, आपली सिनेगॉगं आहेत, भारतीय वाणसामानाची दुकानं आहेत आणि तेल अवीवच्या दिशेने जाणारी आगगाडी आहे. मुलाने गाडीचं वेळापत्रक पाहून हिशेब केला की दारापासून कामापर्यंत सव्वा तास. ठाण्याच्या लोकलची सवय असलेल्या माणसाला तो त्रास वाटला नाही.

नातू मात्र रडला. नववीच्या मध्यात शाळा बदलायची, नुकते मित्र झालेले. त्याचं म्हणणं आम्ही ऐकलं पण मानलं नाही, त्याला फक्त शालेय वर्ष संपेपर्यंतची मुदत दिली. म्हणजे आजींना अजून तीन महिने तिथेच काढायचे होते. हा सौदा आजींनीच सुचवला.

त्या तीन महिन्यांत आम्ही लहान लहान गोष्टी उरकल्या. माझ्या मते घर बदलण्याइतकाच त्यांचा उपयोग झाला.

गोळ्या : भारतातला सगळा उरलेला साठा काढून टाकला. सात दिवसांची सकाळ-रात्र खणांची डबी आणली. प्रत्येक खोक्यावर सुनेने जाड पेनाने मराठीत लिहिलं, ‘रक्तदाब – सकाळी एक’. औषधाचं मूळ नाव, व्यापारी नाव नव्हे, एका कागदावर इंग्रजी आणि मराठीत लिहून आजींच्या पाकिटात ठेवलं.

दवाखाना : नातवाला भाषांतर बंद. मी जायचे, मला जमलं नाही तर ओळखीतली दुसरी मोठी बाई. लघवीचा त्रास पहिल्याच भेटीत बाहेर आला, उपचार सुरू झाले. रुग्णालयात जाण्याआधी आरोग्य निधीकडून ‘तोफेस १७’ हा हमीचा कागद घ्यायचा, नाही तर बिल आपल्या माथी येऊ शकतं, हे मुलाला आणि सुनेला दोघांनाही नीट समजावलं.

फोन : १०१ सोबत तीन वाक्यं पाठ करून घेतली. मी एकटी आहे. पडले आहे. माझा पत्ता अमुक. आजींनी ती शाब्बाथच्या प्रार्थनेसारखी सूर लावून पाठ केली.

आणि एक गोष्ट आपोआप घडली. एके संध्याकाळी हवाई हल्ल्याचा सायरन झाला, सगळी इमारत तळघरातल्या मिकलातमध्ये, आसऱ्याच्या खोलीत, उतरली. खालच्या मजल्यावरच्या मोरोक्कन म्हाताऱ्या बाईने आजींचा हात धरून त्यांना उतरवलं आणि परत वर चढवलं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. दुसऱ्या दिवशी आजींनी तिच्याकडे नारळाच्या वड्या पाठवल्या. ती बाई कश्रुतबाबत, म्हणजे दूध आणि मांस वेगळं ठेवण्यासारख्या खाण्याच्या धार्मिक नियमांबाबत, काटेकोर, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातलं खात नाही. तिने वड्या घेतल्या, आणि संध्याकाळी स्वतः वर येऊन, हाताने खुणा करून, दुधाची भांडी कोणती आणि मांसाची कोणती असं विचारलं. आजींनी तिला कपाट उघडून दाखवलं, दोन वेगळे खण, दोन वेगळे सेट. मटणाच्या रश्शात आपण दूध-दही घालत नाही, नारळाचं दूध घालतो, हे त्यांनी नारळ फोडून दाखवलं. त्या बाईने आजींचं कपाळ चुंबलं. सिनेगॉगमधल्या त्या प्रश्नाचं उत्तर आजींना अशा रीतीने देता आलं. घर सोडताना सगळ्यांत जास्त वाईट त्यांना त्या बाईचं वाटलं.

आजची स्थिती

आशदोदला जाऊन दीड वर्ष झालं. पहिल्या महिन्यात मी तिथल्या एका ओळखीच्या कुटुंबाला सांगून ठेवलं होतं की तुमच्याकडे मालिदा आहे, तर आजींना बोलवा, पण पाहुणी म्हणून नव्हे, पोह्यांना. त्यांनी बोलावलं. तिथल्या तरुण मुली पोहे चाळणीत धुऊन लगेच साखर घालायच्या. आजींनी सगळं थांबवलं आणि अर्धा तास पोहे झाकून ठेवायला लावले. दोन जणी नाराज झाल्या, असं मला नंतर कळलं. पण पुढच्या वेळी बोलावणं आलं, आणि त्यानंतर येतच राहिलं. तू बिश्वातला, झाडांच्या नववर्षाला, त्यांनी तीस माणसांचा मालिदा केला. मागच्या उन्हाळ्यात मंडळींबरोबर हैफाला एलियाहूच्या गुहेला जाऊन आल्या. तिसाबाव, आपला बिरड्याचा सण, त्यासाठी कडवे वाल मिळाले नाहीत म्हणून बहिणीने ठाण्याहून कुणाबरोबर तरी पाठवले.

आठवड्यातून दोन सकाळी मोआदोन असतो. तिथेही रशियन आणि मोरोक्कन मंडळी आहेतच, पण मराठी बोलणाऱ्या चारजणी आहेत, तेवढ्या पुरतात. बुधवारी समुद्राकाठी बाजार भरतो, तिथे त्या एकट्या जातात. हिब्रूतले आकडे आधी शिकल्या, मग ‘कामा झे’, म्हणजे केवढ्याला, आणि मग ‘यकार’, महाग. मासेवाल्याकडे ‘बुरी’ नावाचा मासा मिळतो, तो म्हणजे आपली बोय, हा शोध त्यांनी स्वतः लावला आणि मला फोन करून सांगितला. खवले आणि पर असलेलाच मासा आपल्याला चालतो, ते तपासल्याशिवाय त्या मासा पिशवीत घेत नाहीत. दाविद राहाबी नावाच्या यहुद्याने कोकणात येऊन बायकांपुढे सगळ्या जातींचे मासे ठेवले आणि त्यांनी खवले-पर असलेले तेवढे वेगळे काढले, त्यावरून त्याने त्यांना यहुदी म्हणून ओळखलं, ही आपल्यातली जुनी कथा. आजींना मासे निवडताना पाहिलं की ती मला आठवते.

सगळं छान झालं असं मात्र नाही. हिब्रू वाचणं त्यांना जमलेलं नाही. पेन्शनरांसाठीच्या संथ उलपानमध्ये त्या सहा वेळा गेल्या आणि सोडून दिलं. कुठलाही सरकारी कागद आला की अजून माझ्याकडे फोटो येतो. सुनेला आशदोदमध्ये काम मिळायला चार महिने लागले आणि ते पुन्हा देखभालीचंच आहे, कारकुनीचं नाही. मुलाचं विजेच्या कामाचं लायसन्स अजून व्हायचं आहे. नातवाने पहिलं वर्ष नव्या शाळेत जवळजवळ मौनात काढलं. तिथल्या आपल्या मुलांबरोबर क्रिकेट खेळायला लागल्यावर थोडा मोकळा झाला, पण मागच्या शहराचं नाव निघालं की अजून गप्प होतो. त्याने दिलेली किंमत या प्रकरणात धरली पाहिजे.

पुन्हा करायचं झालं तर

पहिलं घर कुठे घ्यायचं, हा या प्रकरणातला खरा निर्णय होता, आणि तो ठाण्यात फोनवर, एका दिवसात, भाडं आणि नोकरी एवढंच बघून झाला. आज कुणी वृद्ध आईवडिलांना घेऊन यायचं म्हणालं तर मी आधी विचारते, त्यांना चालत जाता येईल अशा अंतरावर त्यांच्या भाषेतलं एक तरी दार आहे का. नोकरीसाठी तरुण माणूस गाडीने जाऊ शकतो. आजी गाडीने शेजारीण गाठू शकत नाहीत, शाब्बाथला तर नाहीच नाही.

औषधांची मूळ नावं आणि जुने रिपोर्ट निघण्याआधीच एका फाइलीत लावून ठेवायला हवे होते. ठाण्यातल्या डॉक्टरांनी ते अर्ध्या तासात दिले असते. आजी पडल्या नसत्या.

मुलाला दवाखान्यात भाषांतराला बसवणं मी आता कुठल्याच घरात होऊ देत नाही. अडचण असेल तर मला रात्री उठवा, असं सांगते. मुलं भाषा लवकर शिकतात म्हणून हे काम नकळत त्यांच्याकडे जातं, आणि मग घरातली मोठी माणसं आपलं दुखणं लपवायला लागतात.

सुनेने काम सोडण्याचा सल्ला मी दिला नव्हता, पण अडवलंही नव्हतं. त्या रात्री मी एवढंच म्हणायला हवं होतं की उद्या सकाळी आजींसमोर बसून ठरवू. एका रात्रीने काही बिघडलं नसतं. दार लोटून बोललेलं त्यांना सगळं ऐकू येत होतं, हे त्यांनी पुढे सांगितलं. ठाण्याला पाठवायचं बोलणं चाललंय हे ऐकून त्यांनी त्या रात्री पिशवीत दोन साड्या भरूनही ठेवल्या होत्या.

एक प्रश्न अजून सुटायचा आहे. ठाण्याच्या फ्लॅटचा सध्याचा भाडेकरार पुढच्या महिन्यात संपतो. मुलाला तो विकून आशदोदमध्ये स्वतःची जागा घेण्यासाठी पैसे उभे करायचे आहेत. त्याचा हिशेब याही वेळी बरोबर आहे. फ्लॅट आजींच्या नावावर आहे. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. मागच्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं की विकायचं झालं तर स्वयंपाकघरातला जुना पाटा-वरवंटा इथे आणता येईल का, आणि त्याला किती खर्च येईल. मी चौकशी करते आहे.